पेढी आणि परराष्ट्र : एका जोडविषयाची प्रस्तावना

मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या पंधराएक खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडकल्या. फळ चांगले होते. अमेरिकेला हवी असते ती विकिरणाची प्रक्रियाही नवी मुंबईच्या केंद्रात झालेली होती. हरकत निघाली ती ‘पीपीक्यू २०३’ नावाच्या एका फॉर्मवर. ही प्रक्रिया अमेरिकी कृषी खात्याच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होते आणि तसा फॉर्म मालाबरोबर जावा लागतो. तो नियमानुसार दिलेला नाही, असे अमेरिकेच्या बाजूने सांगण्यात आले. निर्यातदारांपुढे दोनच वाटा उरल्या: माल परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा. परतीचे विमानभाडे आणि पिकत चाललेल्या फळाचे उरलेले दिवस यांचा हिशेब कुणालाही तोंडी करता येईल. माल तिथेच नष्ट करावा लागला.

बातमी चार दिवस चर्चेत राहिली आणि मागे पडली. ज्यांना आंतरराष्ट्रीय अभ्यास आणि व्यवसाय हे दोन्ही विषय एकाच पदवीत शिकायचे आहेत, त्यांनी मात्र ती जपून ठेवावी. ही प्रस्तावना अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. बारावी नुकतीच संपली असेल, किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात मेजर कुठला आणि मायनर कुठला या विचारात तुम्ही असाल. घरचे विचारत असतील की हे नक्की शिकून पुढे काय होणार. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुम्हाला देता आले पाहिजे. ते द्यायला मदत व्हावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

त्या आंब्याच्या पेटीची कुळकथा आधी पाहू. फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांच्या धास्तीने अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंब्याला दार बंद केले होते. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश दिल्लीत आले. त्या भेटीत नागरी अणुसहकार्याच्या वाटाघाटी पुढे सरकल्या आणि आंब्याचा रखडलेला विषयही मार्गी लागला. अट अशी की फळाला गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे मात्रा द्यायची. एवढ्या मात्रेने आतल्या किडीची पुढची पिढी होत नाही आणि फळ खाण्याजोगे राहते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे कोबाल्ट-६० वर चालणारे केंद्र नाशिक जिल्ह्यात लासलगावला उभे होतेच. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ते उभारले होते. अमेरिकी खात्याने ते तपासले, मान्य केले आणि २००७ च्या हंगामात आंबा रवाना झाला. त्याच सुमारास मोठ्या इंजिनाच्या अमेरिकी मोटारसायकलींना भारतात येण्यासाठी नियमांची वाट मोकळी करण्यात आली, आणि वर्तमानपत्रांनी या दोन गोष्टी एकत्र मांडल्या. पुढे २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत, आणि ते दोन्ही हंगाम अमेरिकेपुरते हातचे गेले.

एका पेटीच्या मागे एवढे सगळे आहे: कीटकशास्त्र, अणुकरार, जागतिक व्यापार संघटनेचा वनस्पती व प्राणी आरोग्याविषयीचा १९९५ पासून लागू असलेला करार, विमानभाडे, आणि शेवटी एक सही. वाणिज्य शिकलेला विद्यार्थी यातला तोटा अचूक मांडेल. राज्यशास्त्राचा विद्यार्थी दोन देशांच्या संबंधांबद्दल बोलेल. पण देवगडच्या बागायतदाराने विचारले, “पुढच्या वर्षी असे होऊ नये म्हणून मी काय करायचे, आणि कुणाच्या दारात जायचे?” तर एकट्या वाणिज्याला किंवा एकट्या राज्यशास्त्राला त्याचे पुरते उत्तर देता येत नाही. त्या उत्तरासाठी हा जोडविषय आहे.

मला जे सांगायचे आहे ते इथेच सांगून टाकतो. ही पदवी दोन अर्ध्या पदव्यांची बेरीज म्हणून आखू नका. अर्धे राज्यशास्त्र आणि अर्धी मॅनेजमेंट घेतली की एक ना धड भाराभर चिंध्या होतात. पहिल्या सत्रातच एक प्रदेश, त्या प्रदेशाची एक भाषा आणि तिथे ये-जा करणारा एखादा माल किंवा सेवा निवडा, आणि दोन्ही शाखांतला प्रत्येक पेपर त्या तिघांच्या कामाला लावा. पुढे जे आहे ते याच एका सल्ल्याचे विवरण आहे.

विषय नवा वाटतो, पण मुंबईला तो नवा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे; उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि इंग्लंडला दुसरा कापूस शोधणे भाग पडले. तो गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडातून मुंबईमार्गे जाऊ लागला. भाव कित्येक पटींनी चढले. शहरात पैसा इतका आला की बँका, वित्तसंस्था आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांचे पेवच फुटले. बॅक बे कंपनीच्या शेअरचा सट्टा त्यांतला सर्वांत गाजलेला. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे राजे. याच पैशातून त्यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी देणगी दिली. त्यांच्या आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

तोवर पुलाखालून बरेच पाणी गेले होते. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने व्हर्जिनियात शरणागती पत्करली, अमेरिकी कापूस पुन्हा येणार हे स्पष्ट झाले आणि मुंबईचा भाव कोसळला. कंपन्या बुडाल्या, पेढ्या बुडाल्या, खुद्द बँक ऑफ बॉम्बे काही वर्षांत गुंडाळावी लागली. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. हे शहरातले झाले. गावाकडे त्याची झळ सावकाश पोहोचली. तेजीच्या काळात शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज देणाऱ्या सावकारांनी मंदी येताच हात आखडता घेतला आणि वसुलीचा तगादा लावला. त्यातच सरकारने सारा वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. या दंग्यांची कारणे अनेक आहेत आणि इतिहासकारांत त्यांवर मतभेदही आहेत. कापसाच्या तेजी-मंदीने आक्रसलेली पत हे त्यांतले एक. सुप्याच्या कुणब्याने व्हर्जिनियाचे नाव ऐकले असण्याची शक्यता कमीच. पण तिथे संपलेल्या युद्धाचा संबंध त्याच्या कर्जाच्या वहीपर्यंत दाखवता येतो. तो दाखवण्याची शिस्त म्हणजे हा विषय.

ही शिस्त सर्वांत आधी अंगी बाणवलेला आपला माणूस मला दादाभाई नौरोजी वाटतात. एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारा हा प्राध्यापक १८५५ मध्ये कामा आणि कंपनीचा भागीदार म्हणून लंडनला गेला. १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. त्याच काळात ते युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजराती शिकवत होते, आणि १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून गेले. भारताची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते हा त्यांचा सिद्धान्त शाळेत सर्वांना शिकवला जातो. तो त्यांनी कसा उभा केला हे मात्र सहसा सांगितले जात नाही. सरकारच्याच आयात-निर्यातीच्या आकड्यांतून त्यांनी तो उभा केला. भारतातून जाणारा माल येणाऱ्या मालापेक्षा वर्षानुवर्षे जास्त किमतीचा का, आणि त्या वरच्या मालाचा मोबदला कुठे जातो, हा व्यापाऱ्याने विचारावा असा प्रश्न त्यांनी राजकारणात नेऊन विचारला. जमाखर्चाची वही वाचता येत नसती तर हा प्रश्न त्यांना पडला असता का, याची मला शंका आहे.

१९३० मध्ये पुण्यात रावबहादूर काळे यांच्या देणगीतून आणि भारत सेवक समाजाच्या आधाराने गोखल्यांच्या नावाची संस्था निघाली. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र ही दोन्ही नावे तिने पहिल्यापासून एकत्र धारण केली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. स्वातंत्र्यानंतर मात्र दिल्लीत दोन वेगळ्या वास्तू उभ्या राहिल्या. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाली, जी पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. आणि १९६३ मध्ये परदेशी व्यापार शिकवणारी आयआयएफटी. दोन्हींनी आपापल्या क्षेत्रात मोठे काम केले. पण एकीकडे मुत्सद्देगिरी आणि दुसरीकडे निर्यात, अशी सवय आपल्या विद्यापीठांना लागली ती लागलीच. आपल्याकडच्या महाविद्यालयांत तर कला आणि वाणिज्य या शाखा एकाच इमारतीत राहूनही एकमेकींना क्वचितच भेटतात.

परदेशात जोडणीचे प्रयोग जुने आहेत. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात १९१९ मध्ये परराष्ट्रसेवेचे विद्यालय निघाले. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ॲरिझोनातल्या वैमानिक-प्रशिक्षणाच्या एका धावपट्टीवर थंडरबर्ड नावाची व्यापारशाळा सुरू झाली. तिचा अभ्यासक्रम भाषा, प्रदेश आणि व्यापार अशा तीन पायांवर उभा होता. मला हा आराखडा आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला हंट्समन अभ्यासक्रम १९९० च्या दशकातला: चार वर्षांत आंतरराष्ट्रीय अभ्यासाची बी. ए. आणि व्हॉर्टनची अर्थशास्त्रातली पदवी अशा दोन पदव्या, सोबत एका परकी भाषेवर प्रभुत्व आणि त्या भाषेच्या प्रदेशात एक सत्र. कोपनहेगनच्या व्यापार विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यवसाय आणि राजकारण या नावाचीच पदवी आहे. यांतले एखादे तुमच्या आवाक्यात असेल तर जरूर जा. पण तिथले शुल्क बहुसंख्य मराठी घरांना झेपणारे नाही, आणि ते नाही म्हणून विषय सोडावा असेही काही नाही. या सगळ्यांत समान असलेली गोष्ट इथे राहूनही करता येते. ती म्हणजे भाषा आणि प्रदेश यांना वैकल्पिक न मानता पदवीचा कणा मानणे.

कसे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा तुम्ही लातूरचे आहात. शहरात डाळ मिल आहेत, आडत बाजार आहे, तुरीचा भाव हा घरातल्या बोलण्याचा विषय आहे. ही तूर फक्त मराठवाड्यातून आणि विदर्भातून येत नाही. भारत जगात सर्वांत जास्त तूर पिकवतो आणि तरीही त्याला ती पुरत नाही. उरलेली म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी अशा देशांतून येते. २०१६ मध्ये डाळींचे भाव कडाडलेले असताना भारताने मोझांबिकशी सरकारी पातळीवर करार केला: तिथल्या शेतकऱ्यांनी तूर लावायची आणि ठरलेले प्रमाण भारताने घ्यायचे. २०२१ मध्ये म्यानमार आणि मलावीशीही तशाच समजुती झाल्या. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली. म्यानमारमध्ये तेव्हा लष्कराने सत्ता हाती घेऊन काही महिनेच झाले होते. अशा सरकारशी डाळीचा व्यवहार करायचा की नाही, केला तर त्याचा अर्थ काय, हा परराष्ट्रनीतीचा प्रश्न. पण तो सोडवताना लातूरच्या मिलला कच्चा माल आणि औशाच्या शेतकऱ्याला हमीभाव, हे दोन परस्परविरोधी तगादे डोक्यावर असतात.

आता पदवी या तुरीभोवती बांधा. मोझांबिकची राजभाषा पोर्तुगीज आहे. तिथले कायदे, बंदराचे आदेश, न्यायालयाचे निकाल, वर्तमानपत्रे पोर्तुगीजमध्ये असतात. २०२३ मध्ये तिथल्या निर्यातदारांच्या आपसातल्या वादामुळे नाकाला बंदरात भारतासाठीचा माल खोळंबला, तेव्हा इथले आयातदार इंग्रजी बातमीची वाट पाहत होते. पोर्तुगीज वाचणारा माणूस त्यांच्यापेक्षा पुढे असतो. ही भाषा शिकायला लिस्बनला जावे लागत नाही; गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, आणि गोव्यातल्या काही घरांत ती अजून बोलली जाते. राज्यशास्त्राच्या बाजूने आफ्रिकेचा आधुनिक इतिहास घ्या: १९७५ चे मोझांबिकचे स्वातंत्र्य, त्यानंतरचे यादवी युद्ध, हिंदी महासागराचे राजकारण. व्यवसायाच्या बाजूने हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, परकीय चलन, आणि आयात-निर्यातीची कार्यपद्धती. अर्थशास्त्राच्या पेपरात शेतमालाच्या भावाची चढउतार. प्रकल्पासाठी लातूरच्या आडतीत बसून भाव टिपा आणि ते आफ्रिकी तुरीच्या आवकेशी ताडून बघा. चार वर्षांनी तुमच्या हाती जे असेल ते देशात फार थोड्यांकडे असेल.

तूर हे निमित्त. पुण्यात राहणाऱ्याला जपानी आणि वाहनांचे सुटे भाग ही जोडी सहज मिळेल. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकी भाषा शिकवण्याची जुनी परंपरा आहे आणि चाकणला जपानी, जर्मन कारखाने आहेत. अंधेरीच्या सीप्झ या निर्यातक्षेत्राजवळ राहणाऱ्याला हिऱ्याचे दागिने आणि अमेरिकी बाजार. रत्नागिरीच्या मुलीला मासळी किंवा हापूस, आणि आखातासाठी अरबी. निवड करताना एवढेच बघा की तो माल किंवा ती सेवा तुम्हाला जवळून, हात लावून बघता आली पाहिजे.

भाषेबद्दल मी थोडा आग्रही आहे. एका सत्राचा प्रमाणपत्र-वर्ग करून नमस्कार-चमत्कार बोलता येतात, करार वाचता येत नाही. युरोपीय श्रेणीत बोलायचे तर ए-१, ए-२ ही तोंडओळख. बी-२ च्या पुढे कामाची भाषा सुरू होते. तिथवर जायला रोजचा एक तास आणि तीन-चार वर्षे लागतात. म्हणून भाषा पहिल्या सत्रात सुरू करा. बाकीचा कुठलाही विषय पुढे ढकलता येतो, हा येत नाही.

दुसरा आग्रह हिशेबाचा. परराष्ट्रधोरणाची आवड असलेली मुले ताळेबंदाला भितात, असा माझा वर्गातला अनुभव आहे. भिऊ नका, आणि टाळू तर अजिबात नका. व्यवहार कसा चालतो हे कळायला एलसी, म्हणजे पतपत्र, एकदा बारकाईने वाचा. नाशिकच्या द्राक्षनिर्यातदाराने रॉटरडॅमच्या खरेदीदाराला पूर्वी कधी पाहिलेले नसते. खरेदीदाराची बँक हमी देते की ठरलेली कागदपत्रे आली की पैसे देऊ. बीजक, बोटीची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग, विमा, आणि ज्याला पॅकहाऊसमध्ये सगळे नुसते ‘फायटो’ म्हणतात तो वनस्पती-आरोग्याचा दाखला. बँक द्राक्षे बघत नाही, ती फक्त कागद बघते. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या ‘यूसीपी ६००’ या २००७ पासूनच्या नियमावलीप्रमाणे माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद सादर व्हावे लागतात आणि बँकेला तपासायला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. पतपत्रात मालाचे वर्णन एक आणि बीजकात दुसरे असेल, तर एवढ्या कारणानेही पैसे अडू शकतात. समोर नसलेल्या, कधी न भेटलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, या प्रश्नाला शतकानुशतकांच्या व्यापाराने दिलेले हे उत्तर आहे. मला ते कुठल्याही तहाइतकेच मोलाचे वाटते.

आणि त्या उत्तराची मर्यादाही लगेच दिसते. इराणवर निर्बंध आले आणि मार्च २०१२ मध्ये इराणी बँकांना स्विफ्ट या संदेशव्यवस्थेतून काढले गेले, तेव्हा चांगल्यात चांगले पतपत्रही निरुपयोगी ठरले. मग भारताने तेलाचे काही पैसे रुपयांत युको बँकेत जमा करायला सुरुवात केली आणि इराणने त्यातून आपला बासमती, चहा घेतला. मे २०१९ नंतर अमेरिकेने सवलत काढून घेतली, इराणी तेल थांबले, आणि रुपयांचा तो झराही आटत गेला. हरियाणाच्या तांदूळवाल्यांची थकबाकी हा त्याचा शेवटचा टप्पा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, आणि वाढीव अर्ध्याचे कारण रशियन तेलाची खरेदी हे दिले. सीप्झमधल्या कारागिराने रशियाचे तेल विकत घेतलेले नव्हते.

लाल समुद्राचे उदाहरण तर नाशिकने भोगलेले आहे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले, कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला, आणि ऐन द्राक्षहंगामात रीफर म्हणजे थंड कंटेनरचा प्रवास लांबला आणि भाडे वाढले. द्राक्षाचे आयुष्य मात्र वाढत नाही.

या विषयात एक नैतिक ओझे आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क आणि ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरची किमान निर्यातकिंमत लागू झालीच होती. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडावा, हा हेतू. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात भाव पडला, हा परिणाम. पण बंदी असतानाही बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका यांना सरकारमार्फत ठराविक कांदा देण्याची मुभा ठेवली गेली, कारण शेजारी आणि मित्रदेश यांना तोडून चालत नाही. ४ मे २०२४ ला बंदी उठली, शुल्क राहिले. ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तुम्ही व्यवसायाच्या पेपरात याला ‘धोरणात्मक जोखीम’ म्हणाल आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासात ‘आर्थिक मुत्सद्देगिरी’. दोन्ही संज्ञा बरोबर आहेत. पण चांदवडच्या ज्या कुटुंबाने चाळीत कांदा राखून ठेवला होता, त्याचे काय झाले, हा प्रश्न दोन्ही संज्ञांच्या बाहेर राहतो, आणि तो तुम्ही आत आणला पाहिजे. माझे मत असे की निर्यातबंदी हे अखेरचे शस्त्र असायला हवे आणि आपल्याकडे ते फार लवकर उपसले जाते. भरवशाचा पुरवठादार हे नाव मिळवायला वर्षे लागतात आणि ते गेले की खरेदीदार दुसरीकडे बी पेरायला मदत करतो. तुमचे मत वेगळे असू शकेल. ते आकड्यांनिशी मांडा.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर, खुले वैकल्पिक विषय, श्रेयांकांची बँक आणि कामावरचे प्रशिक्षण हे सगळे आणले आहे; विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही वाट दिली आहे. महाविद्यालयात याची अंमलबजावणी अजून कुठे चाचपडत, कुठे बरी चालली आहे. पण वेळापत्रक जुळत नसेल तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज घेऊन जा. नियम तुमच्या बाजूचा आहे. अर्थशास्त्र किंवा वाणिज्य मेजर, राज्यशास्त्र मायनर, खुल्या विषयांत भाषा, अशी रचना बहुतेकांना जमावी. उलटही चालेल. प्रशिक्षणासाठी मोठ्या नावाच्या कंपनीत फोटोकॉपी काढत बसण्यापेक्षा उरण-न्हावाशेवा भागातल्या एखाद्या सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचे काम करून देणाऱ्या दलालाच्या, कार्यालयात दोन महिने काढा. शिपिंग बिल कसे भरतात, मालाचा आठ आकडी एचएस संकेतांक चुकला तर काय होते, एफओबी आणि सीआयएफ या अक्षरांनी बोट बुडाली तर तोटा कुणाचा हे कसे ठरते, हे तिथे कळते.

नोकरीचे विचाराल तर परराष्ट्रसेवा ही एकच वाट नाही. व्यापार मंडळे, शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडासारखी सरकारी प्राधिकरणे, बँकांचे परकीय व्यापार विभाग, जहाज कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, संशोधन संस्था, पत्रकारिता, आणि स्वतःची पेढी. पगार पहिल्या दिवशी अभियंत्याइतका असेलच असे नाही; भाषा खरोखर येत असेल तर पाच-सात वर्षांत चित्र बदलते.

अखेरच्या वर्षी प्रबंधिका लिहाल तेव्हा ‘जागतिकीकरण आणि भारत’ असा विषय घेऊन येऊ नका. त्यावर मार्गदर्शकालाही काही सांगता येत नाही. असे विचारा: २०१४ मध्ये १ मे पासून युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि पुढच्या हंगामाआधी ती उठवली, तर त्या मधल्या महिन्यांत कोकणातल्या पॅकहाऊसमध्ये नेमके काय बदलले, त्याचा खर्च कुणी सोसला, आणि ब्रुसेल्सला ते कुणी आणि कोणत्या कागदावर पटवून दिले? यासाठी युरोपीय आयोगाचे आदेश वाचावे लागतील, अपेडाची परिपत्रके काढावी लागतील, वाशीच्या बाजार समितीत पहाटे जावे लागेल आणि रत्नागिरीत दहा जणांशी बोलावे लागेल. दोन वर्षांत होणारे काम आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हात घाला.